येरझार

लुदिविनाच्या पत्र्यावर मी सहा पॅनेलं ठोकत होतो
तेव्हा खालून ती विचारत होती,
"ऊन आणि माझा फ्रीझर, यांच्यात हा डबा कशाला?"
मी रियाधहून नुकताच परतलेलो,
बारा वर्षं परक्यांच्या भिंतींत वायरी ओढून,
आणि मला वाटायचं, मला सगळं समजावता येतं.

म्हटलं, मानाय, ऊन नाकासमोर चालतं.
पॅनेलातून निघालेली वीज एकाच दिशेची,
मागे वळून बघत नाही.
तुझा फ्रीझर, पंखा, कराओकेचं ते खोकं,
यांना हवी येरझार:
पुढे-मागे, सेकंदाला साठ फेऱ्या,
रडक्या पोराला खांद्यावर घेऊन बाप घालतो तशा.
या डब्यात फाटकं आहेत, नखाएवढी.
सेकंदात हजारो वेळा उघडतात, मिटतात,
कधी इकडून सोडतात, कधी तिकडून.
आधी नुसत्या ओबडधोबड पायऱ्या पडतात,
मग तारेचं एक वेटोळं त्या घासून घासून
त्यांची लाट करतं.

"लाटा," ती म्हणाली,
"लाटा काय कमी आहेत कातान्दुआनेसला?"

तरी डबा बसला, अबाकाच्या दोरांच्या गुंडाळीशेजारी,
आणि दुपारभर गुणगुणत राहिला.
आंबा, उबे, शहाळं:
आइस कँडी बोटभर पिशव्यांत दगड होऊ लागली.
मग आरोग्य केंद्रातल्या नर्सनं विचारलं, लसींच्या फ्रिजसाठी,
पाद्रीनं विचारलं, माइकसाठी, जरा हळू आवाजात,
आणि दम्याचं यंत्र उशाशी घेऊन झोपणाऱ्या म्हाताऱ्या पॉन्सियानोनं.
त्याला दिला बॅटरीवाला डबा,
जो कुणाच्या खांबाकडे बघत नाही.
लुदिविनाला तो परवडला नव्हता.
तिचा डबा गावाच्या तारेशी बांधलेला:
दिवसा उरेल ते तारेत सोडायचं, रात्री तारेतून मागायचं,
शेजारणींची वाटीभर साखरेची उसनवारी असते तशी.

नोव्हेंबरात वादळ येऊन गेलं.
त्याचं काय सांगायचं, खांब तरी किती मोजायचे.
तिसऱ्या दिवशी असं ऊन पडलं की डोळे उघडवेनात.
पॅनेलं शाबूत, धुऊन लख्ख.
डबा मुका.
एक लाल ठिपका, बस.
"सूर्य डोक्यावर आणि मी अंधारात!"
तिनं त्याला चपलेनं हाणलं. मग मला निरोप धाडला,
त्यातले शब्द इथे लिहीत नाही.

मी गेलो, पण डब्याला हात लावला नाही.
म्हटलं, बिघडला नाहीये. कान देऊन बसलाय.
तारेत दुसरी नाडी लागेना, म्हणून यानं आपलीही थांबवली.
तार कुठे तुटली, कुणी धरलीय, याला दिसत नाही.
तुझ्या पत्र्यावरचं ऊन तारेत शिरलं असतं
तर खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरनं ते उलटं चढवून
हजारो व्होल्टचं केलं असतं,
आणि वर कुणीतरी, तार मेलेली आहे असं समजून...

ती काहीच बोलली नाही.
पहाटे चारला अनसेल्मो गेला होता,
वीज सहकारी संस्थेच्या ट्रकवर, उभ्यानं,
तिचा थोरला.
तिनं केळीच्या पानात बांधलेला भात
टेबलावर तसाच राहिला होता.

मग तिनं फ्रीझर उघडला
आणि गल्लीतल्या पोरांना हाक मारली.
संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या जिभा उबेनं जांभळ्या.
मी निघालो तेव्हा ती ओल्या फडक्यानं
डब्यावरचा चपलेचा ठसा पुसत होती.

सहाव्या दिवशी सकाळी अकराला तारेत जीव आला.
डबा लगेच उठला नाही.
पाच मिनिटं नुसता ऐकत राहिला
ही नाडी टिकते का, परत तुटते का,
आणि लुदिविना त्याच्यासमोर उभी, पदरचं काही न बोलता.
मग हिरवा ठिपका. मग ती गुणगुण.

अनसेल्मो रात्री आला, तळहात सोललेले,
जेवता जेवता बसल्या जागी झोपला.

ती मला बाहेर घेऊन आली, हळूच विचारलं,
"पॉन्सियानोसारखा डबा. आणि ते गावाची तार तोडणारं बटण.
दोन्ही मिळून किती?"
मी आकडा सांगितला.
"आइस कँडी पाच पेसोला एक," ती म्हणाली,
आणि बोटांची पेरं मोजायला लागली.